न चालणारं नाणं

आमच्या नाणेवेड्यांच्या कट्ट्यावर कुणी खिशातून परदेशी नाणं काढलं की पॅटर्नकाका मान तिरकी करून पहिला प्रश्न टाकतात, "हे चाललं होतं का?" चाललं होतं म्हटलं की काकांचा रस संपला. त्यांना हवं असतं टांकसाळीनं नमुना म्हणून पाडलेलं, साहेबाच्या टेबलापर्यंत गेलेलं आणि तिथंच नापास झालेलं नाणं.

क्राऊझचा जाडजूड कॅटलॉग उघडला की ते आधी देशाच्या यादीचं शेपूट गाठतात. तिथं 'पीएन' क्रमांकाचे पॅटर्न असतात. अलीकडचे 'केएम'वाले, म्हणजे रीतसर चलनात आलेले, सगळे बाजारबुणगे!

आठव्या एडवर्डची बारा कोनांची पितळी तीन पेनी हा काकांचा हळवा विषय. नाण्यावर साल १९३७, आणि राजानं गादी सोडली डिसेंबर १९३६ मध्येच. काही नमुने नाणी टाकून चालणारी यंत्रं बनवणाऱ्यांकडे चाचणीला गेले होते, ते सगळे परत आलेच नाहीत. हे सांगताना काकांचा आवाज असा बसतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्याच घरचं कुणी कुंभमेळ्यात हरवलंय.

मध्यंतरी एकानं चकचकीत रुपेरी ब्रिटिश पेनी आणली. "चांदीतला पॅटर्न!" काका खुर्चीतून उठलेच. मी काटा पुढं सरकवला. ९.४ ग्रॅम, म्हणजे अगदी नेहमीच्या काशाच्या पेनीचं वजन. त्याच जाडीची चांदी असती तर काटा अकराच्या घरात गेला असता. कुणीतरी शाळेच्या प्रयोगशाळेतला पारा चोळला असणार. काकांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "पातळ काढली असेल. प्रयोगच तो!"

यावर काय बोलणार?

त्यांचा मानाचा तुकडा म्हणजे स्वित्झर्लंडचा युरो. मखमली डबीत ठेवलेला, वर ठसठशीत 'प्रोबे'. आता फ्रेंच टांकसाळ नमुन्यावर 'एसे' कोरते, इटालियन 'प्रोव्हा', हे खरं. पण अक्षरं कुणालाही कोरता येतात. असले युरो खाजगी मंडळींनी हौशी गिऱ्हाइकांसाठी पाडले, सरकारचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. "काका, स्वित्झर्लंडनं युरो घेतलाच नाही हो."

"तेच तर! नापास झाला ना!"

परवा मंडईत काकांनी कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये दिले. रिझर्व्ह बँकेनं कितीही वेळा सांगो, सगळी दहाची नाणी वैध आहेत म्हणून; भाजीवालीनं नाणं उलटंपालटं केलं आणि परत पुढं केलं. "हे चालत नाही, काका."

काकांचा हात थबकला. कोथिंबीर तिथंच टोपलीवर राहिली. खिशातून भिंग निघालं.

"नीट सांगा मावशी," काका कुजबुजले, "अजिबातच चालत नाही?"