समुद्रावरची मोरी

भिवंडीत कशाचाही हिशेब शेवटी चौरस फुटावर येतो. राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, मानकोली ही नावं एके काळी भाताच्या शेतांची होती, आता गोदामांची आहेत. बांधावरून भांडणाऱ्यांची नातवंडं हल्ली कार्पेट आणि बिल्ट-अपवरून भांडतात. त्यामुळे एका छोट्या क्रूझ जहाजाचं गुळगुळीत पत्रक घरी आलं, तेव्हा त्यातला मावळता सूर्य, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव आणि पांढऱ्या टोपीतला आचारी यांपैकी काहीच आमच्या भाऊजींच्या नजरेत भरलं नाही. त्यांचा दापोड्याला गाळा आहे. पत्रक उलटसुलट करून त्यांनी एवढंच विचारलं, "खोली किती फुटांची?"

"दीडशे."

"मोरी धरून?"

"धरूनच असणार."

"मग मोरीचा फोटो कुठाय?"

नव्हता. तो कुठल्याच पत्रकात सहसा नसतो. समुद्र कंपनीच्या मालकीचा नाही, त्याच्या देखभालीला तिला दमडी पडत नाही, पण फोटो सगळे त्याचे. मोरी मात्र पैसे मोजून बसवलेली, माणूस दिवसातून पाच वेळा तिथं जाणार, आणि तिचा कुठं पत्ता नाही. भाऊजींचं अनुभवाचं म्हणणं असं, की गाळा दाखवताना दलाल मागचं दार उघडत नसेल तर मागं पाणी भरतं हे समजून जावं. ताईनं त्यांना गप्प केलं आणि आम्ही दोन जोडपी निघालो.

केबिनमध्ये शिरल्याशिरल्या ताईनं गोल खिडकीशी जाऊन समुद्राला हात जोडले. भाऊजींनी मोरीचं दार उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मोजायला टेप लागणारच नाही. हात पसरले की झालं."

खोटं नव्हतं. छोट्या जहाजाच्या दीडशे फुटांत मोरीच्या वाट्याला पंचवीस-तीस फूट आले तर खूप. त्यात कमोड, बेसिन, आरसा, फवारा आणि एक माणूस. कमोडवर बसलं की गुडघे बेसिनखाली जात आणि कपाळ टॉवेलच्या दांडीला टेकत असे. साबण लावताना एक कोपर कायम पडद्याबाहेर, परराज्यात. खाली पडलेला साबण उचलायचा तर आधी दार उघडून अर्धं शरीर खोलीत काढायचं, मग वाकायचं. पहिल्या दिवशी माझा साबण पडला तो मी तिथंच राहू दिला.

या मोऱ्या जहाजावर कुणी गवंडी बसून बांधत नाही. भिंती, छत, नळ, आरसा असा सगळा डबा कारखान्यात तयार होतो, क्रेननं उचलून जहाजाच्या सांगाड्यात सरकवतात, नळ आणि वायरी जोडल्या की काम संपलं. जमिनीवर हा प्रकार गाजला तो टोकियोच्या न्यू ओतानी हॉटेलमुळे. १९६४च्या ऑलिंपिकआधी हजारावर खोल्यांचं हॉटेल घाईनं उभं करायचं होतं, तेव्हा टोटो कंपनीनं अशी तयार न्हाणीघरं पुरवली. जहाजावर टाइल फारशी लावत नाहीत. ती जड, शिवाय इंजिनाच्या थरथरीनं तडकते. वरच्या मजल्यांवर वजन चढवलं की जहाजाचा तोल बिघडतो, म्हणून बड्या जहाजांवरचा संगमरवरसुद्धा बरेचदा हलक्या जाळीवर चिकटवलेला पातळ पापुद्राच असतो.

भाऊजींनी भिंतीवर टिचकी मारली. "पत्रा आहे," ते म्हणाले. गाळेवाल्याला पत्र्याचा आवाज बरोबर कळतो. पोलादी पत्रा, वर प्लास्टिकचा थर. या ज्ञानाचा उपयोग काय, हे मात्र शेजारच्या केबिनमधल्या मुलुंडच्या काकूंनी दाखवलं. त्या अशा प्रवासाला सरावलेल्या. डबीतून त्यांनी लोहचुंबकाचे आकडे काढले आणि भिंतीवर टपाटप चिकटवले. ओला टॉवेल एकावर, भाऊजींचा बनियन दुसऱ्यावर, औषधांची पिशवी तिसऱ्यावर. साठ-सत्तर रुपयांच्या त्या आकड्यांनी मोरी जेवढी मोठी झाली, तेवढी जास्त पैसे भरूनही झाली नसती. कारण जहाजानं स्वतः दिलेली खुंटी एकच, दाराच्या मागं. दोन माणसं, दोन टॉवेल, दोघांचे घालायचे कपडे आणि खुंटी एक. ज्यानं हा नकाशा काढला त्यानं त्या मोरीत एकदाही अंघोळ केलेली नाही, हे मी स्टँप पेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

आमच्या जुन्या घरातली मोरी याहून लहान होती. तीन बाय तीन, शहाबादी फरशी, वीतभर कट्टा. सकाळी त्यात अंघोळी, दुपारी भांडी, संध्याकाळी पालेभाजी, आणि मधल्या वेळात कुणी रुसलं तर रुसायला. पण साबणाचा कोनाडा उजव्या हाताला होता, खुंटी भिजणार नाही इतकी उंच होती, आणि तांब्या ठेवायची जागा डोळे मिटूनही सापडायची. आजीनं गवंड्याच्या डोक्याशी उभं राहून ती करून घेतली होती. मोरीची किंमत करायची तर फुटांवर करू नये, हे माझं मत तिथलं आहे. पाणी कुठं वाहतं, हात कुठं पोचतो, ओलं कुठं टाकायचं आणि कोरडं कुठं ठेवायचं, एवढं विचारावं. भाऊजींना हे पटत नाही. त्यांच्या मते ज्या वस्तूचा दर काढता येत नाही ती वस्तू विकणाऱ्याच्या फायद्याची असते.

जहाजाच्या मोरीतल्या काही गोष्टी मात्र खरोखर डोकं लावून केलेल्या असतात. दाराला चांगला उंच उंबरठा असतो. जहाज एका अंगाला कललं की फरशीवरचं पाणी तिकडे धावतं आणि उंबरठा नसेल तर थेट गादीखाली जातं. पहिल्या रात्री आमच्यापैकी तिघांचे अंगठे ठेचकाळले. ताईचा नाही. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही हे तिला लहानपणीच धपाटे घालून शिकवलेलं, त्यामुळे पाय आपोआप उचलला जातो.

पडदा मात्र त्यांत बसत नाही. फवारा सोडला की प्लास्टिकचा गार पडदा हळूहळू आत येतो आणि ओळख नसताना अंगाला बिलगतो. हा दोष एकट्या जहाजाचा नाही. डेव्हिड श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञानं संगणकावर मांडून दाखवलं, की फवाऱ्याच्या धारांमुळे आत हवेचा आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या पोटात दाब कमी असतो आणि पडदा तिकडे ओढला जातो. त्याला २००१चं इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. लोक हसले, पण पंचवीस फुटांच्या मोरीत पडद्याशी झटलेल्या कुणालाही त्याला खरं नोबेलच द्यावंसं वाटेल. काचेचं दार बसवलं की हा प्रश्न मिटतो, आणि नव्या जहाजांवर ते बरेचदा दिसतं.

डोकं लावून केलेली दुसरी गोष्ट कमोडची. बटण दाबलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग जहाजच गिळंकृत होतंय असा आवाज येतो. पाण्याच्या लोटाऐवजी इथं नळीतली निर्वात पोकळी सगळं ओढून नेते. ही युक्ती स्वीडनमधली, १९५०च्या दशकातली. घरच्या जुन्या टाकीला एका वेळी आठ-दहा लिटर लागायचे, इथं साधारण एका लिटरात भागतं. नळ्या बारीक चालतात, उतार लागत नाही, प्रसंगी त्या वरही चढतात. आवाजानं मुलुंडच्या काकू दचकायच्या, आम्ही नाही. रात्रंदिवस मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला आवाजाचं भय नसतं. भिवंडीत भीती वाटते ती शांततेची. माग थांबले म्हणजे वीज तरी गेली किंवा सूत तरी महागलं.

पाणी वाचवायचं कारण मात्र भाऊजींना चटकन पटलं. जहाजावरचं बरंचसं गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून करतात आणि त्याला इंधन जळतं. शिवाय घाण पाणी साठवावं लागतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. "आणि आपल्याकडं कामवारी नदीला बारा फुटांचाही नियम कोण पाळत नाही," भाऊजी म्हणाले. मुंबईला जाणाऱ्या पाण्याच्या मोठमोठ्या नळांशेजारी राहून टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला पाण्यावर बोलायचा हक्क आहे.

तसे आम्ही जहाजांना नवखे नाही, असं म्हणायला इतिहासाचा आधार आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत गलबतं बांधायला काढली. मराठी आरमाराची सुरुवात ती. त्यांवर मोरीची काय सोय होती हे विचारू नये, लढायांच्या वर्णनात मोरी कुठून येणार! अरबी गलबतांच्या मागच्या अंगाला बाहेर लोंबकळती लाकडी पेटी बांधत, तिला तळ नसे. ती वापरणाऱ्याला समुद्राचं दर्शन आजच्या कुठल्याही बाल्कनीपेक्षा चांगलं होत असणार.

पुढं भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोटी जायच्या. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजी. बहुतेक चाकरमानी डेकवर, वळकटी पसरून, आंब्यांच्या करंड्यांत नाहीतर कोंबड्यांशेजारी. जिथं धक्का नव्हता तिथं भर समुद्रात पडावात उतरायचं. एकदा बोट लागली, की मोरी कुठं आहे हे विचारायला वेळ नसे, कठडा गाठायचा. पण त्या पिढीतलं कुणी भेटलं तर बोटीच्या आठवणी डोळ्यांत पाणी आणून सांगतं. तिकिटाच्या मानानं सोय काय होती, असा प्रश्नच त्यांना सुचला नाही. घरी जायचं होतं, बोट नेत होती.

२०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हा घरी जाणं हा मुद्दा उरला नव्हता. जपानमध्ये फेरी म्हणून चाललेलं १३१ मीटर लांबीचं ते जहाज. ऐसपैस खोल्यांपासून स्वस्तातल्या झोपायच्या कप्प्यांपर्यंत सगळे दर त्यात होते. महासाथीत ते थांबलं. २०२३ साली वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या 'गंगा विलास'वर याच्या उलट टोक पाहायला मिळालं: ६२ मीटरच्या बोटीत फक्त १८ खोल्या, ५१ दिवस. १८च खोल्या असल्या की मोरीतही माणसाला स्वतःभोवती फिरता येतं. पण तो दर पाहून भाऊजींनी पाणी मागितलं होतं.

आमच्या जहाजावर त्यांनी एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. भाडं, त्यावरचा कर, बंदराचं शुल्क, सेवेचं शुल्क, हे सगळं भागिले फूट, भागिले दिवस. आकडा आला तो त्यांनी ताईला दाखवला नाही. मग आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन एका ओळखीच्या झालेल्या गृहस्थांची बाल्कनीवाली केबिन पाहून आलो. भाडं आमच्या जवळपास दुप्पट. भाऊजींनी बाल्कनीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोरीचं दार उघडलं, आणि परमानंद! तोच डबा. तोच पडदा, तोच उंबरठा, दारामागं तीच एकुलती खुंटी. कारखान्यातून एका साच्याचे डबे घेतले की ते स्वस्त पडतात, म्हणून बहुतेक जहाजांवर सर्वांत वरचे स्वीट सोडले तर मोरी सगळ्यांची सारखी. दुप्पट भरणाऱ्याला समुद्र जास्त मिळतो, मोरी तेवढीच. त्या रात्री भाऊजींनी दोन गुलाबजाम जास्त खाल्ले.

खालच्या मजल्यांवर काम करणाऱ्यांच्या खोल्या असतात, तिकडे प्रवाशांना जाऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३पासून लागू आहे, भारतानंही तो मान्य केलेला आहे. त्यात लिहिलंय की ज्या खलाशांना स्वतंत्र न्हाणीघर नाही, त्यांच्यात दर सहा माणसांमागं किमान एक संडास, एक बेसिन आणि एक फवारा हवाच. हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. गाळ्यामागच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे मागावरचे कामगार त्यांनी पाहिलेत, सामाईक संडासासमोरची रांगही पाहिलीय. "सहामागं एक?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि विषय बदलला.

आता ताईला पुन्हा जायचंय. या वेळी बुकिंगचं भाऊजींनी अंगावर घेतलंय. एजंटच्या पोराला त्यांनी फोन करून तीन प्रश्न विचारले: पडदा आहे की काचेचं दार, खुंट्या किती, आणि साबण ठेवायची जागा उभ्या माणसाच्या हाताला येते का. पोरगा म्हणाला, "काका, फोटो पाठवतो." आले ते सगळे समुद्राचे. भाऊजींनी चष्मा लावून एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. एका फोटोत पलंगासमोरचा आरसा होता, आरशाच्या कोपऱ्यात मोरीचं अर्धं दार उघडं होतं आणि आत काच चमकत होती.

आगाऊ रक्कम त्याच दिवशी भरली. चुंबकाचे आकडे ताईनं भिवंडीच्या बाजारातून घेतलेत, डझनावर.