शिट्टीवाले रायर

कुंभकोणमच्या शाळांतून गळ्यात शिट्टी आणि कपाळावर आठ्या घेऊन फिरणारा इसम म्हणजे 'पी.टी. वाद्यार', आपल्याकडचे पी.टी.चे मास्तर. त्यातला एक वाण तंजावरी मराठ्यांचा. गाव त्याला 'रायर' म्हणतं. तंजावरचं मराठी राज्य 1855 साली संपलं, ही बातमी रायरांनी अजून मनावर घेतलेली नाही. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव 1828 साली याच गावात जन्मले, तेव्हा कारभार रक्तातच आहे, असं ते पोरांना ऐकवतात आणि वर पन्नास बैठका काढायला लावतात.

पहाटे पोरगं उशिरा आलं की "डेय!" अशी हाक कावेरीपल्याड जाते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला मात्र बंदी. "हाताला बंदी आहे, जिभेला नाही," असं ते खुशीत सांगतात. त्याच कायद्याने मानसिक छळालाही बंदी आहे, हे त्यांना सांगायची हिंमत मुख्याध्यापकांनाही झालेली नाही.

वर्तमानपत्रांचं रायरांविषयीचं मत निकालावर ठरतं. पोरगी जिल्ह्यात पहिली आली की त्याच बैठकांना 'खडतर तपश्चर्या' म्हणतात. पालकांची तक्रार गेली की 'अघोरी प्रकार'. आपणही वेगळे नाही. सराव बुडवून वानखेडेवर सीनिअर संघाची मॅच बघायला गेलेल्या सचिनला आचरेकर सरांनी अशी थोबाडीत दिली की हातातला डबा उडाला. हे आपण किती प्रेमाने सांगतो! ज्यांनी कुठल्या ना कुठल्या सरांची तशीच थप्पड खाल्ली आणि जे पुढे बँकेत चिकटले, त्यांच्या मुलाखतीला कोण जातो?

सिनेमातले सगळे प्रशिक्षक रायरांनी पाहिलेत. 'चक दे'चा कबीर खान, 'इरुधी सुट्रु'तला माधवन, 'सारपट्टा परंबरै'तले रंगन वाद्यार. तक्रार एकच : "यातला एकजण तरी मैदानावर फक्की मारताना दिसला का हो?" बरोबर आहे. रायरांचं अर्धं आयुष्य फक्की मारण्यात, जन्मदाखले गोळा करण्यात आणि कार्तिकातल्या पावसानं मैदानाचं तळं झालं की बादल्यांनी पाणी उपसण्यात गेलं. त्याला पार्श्वसंगीत कोण देणार? 'दंगल'वर तर ते भलतेच खवळतात. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटच्या वडिलांना कोणी खोलीत कोंडलं नव्हतं; पडद्यावर खलनायक हवा म्हणून राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या नावावर तेही पाप चढलं. "उद्या माझ्यावर सिनेमा काढलाच, तर मला बाप करतील की कोंडणारा?" हा प्रश्न ते डिग्री कॉफीचा पेला हातात धरून गंभीरपणे विचारतात.

एकदा एका वाहिनीची माणसं आली. 'वरून फणस, आतून गरे' असा माणूस त्यांना हवा होता. "सर, जरा ओरडा ना," बातमीदार बाई म्हणाल्या. रायर लाजले. इस्त्रीचा सदरा घालून, हात मागे बांधून ते अगदी मऊ तमिळमध्ये म्हणाले, "मुलं गुणी आहेत." तीनदा प्रयत्न झाला, तिन्ही वेळा मुलं गुणीच निघाली. मग डोळ्यांत पाणी तरी आणा म्हणाले, तेही येईना. शेवटी कंटाळून कॅमेरा बंद करून मंडळी निघाली, ती नेमकी ताज्या आखलेल्या चौथ्या लेनवरून.

त्यानंतर रायर जे बोलले, ते पोरं अजून एकमेकांना साभिनय करून दाखवतात.