पाच टक्के सूट

कर्वेनगरात राहणाऱ्यांना काका कोण हे सांगायला नको. तुमच्या इमारतीत नसले तर शेजारच्या इमारतीत असतील. साबण करत नसले तर कंपोस्ट करत असतील, नाहीतर गच्चीत बसून पावसाचे मिलिमीटर मोजत असतील. निवृत्त माणूस, चष्मा कपाळावर, खिशाला पेन, आणि आपण दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत असताना नेमके वरून खाली येणार. आमच्या वाट्याला साबणवाले आले.

साबण करतात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं जिभेबद्दल आहे. काका साबणाला जीभ लावतात. स्वतःच्याच नव्हे, कुणाच्याही.

यामागे शास्त्र आहे आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो आणि ग्लिसरीन सुटतं. हिशेब चुकून सोडा जास्त झाला तर तो वडीत मोकळा राहतो आणि आंघोळ करणाऱ्याची कातडी सोलतो. अशा वडीला जिभेचं टोक लावलं की सणकन झटका बसतो. लहानपणी ज्यांनी रेडिओचा चौकोनी सेल जिभेला लावून बघितलाय त्यांना तो झटका माहीत आहे. झटका बसला नाही तर वडी पास.

मी एकदा म्हणाले, "काका, त्यापेक्षा हळद लावून बघा ना. सोड्याने लाल होते." काका खूश झाले, म्हणजे माझी चूक दाखवायला मिळाली म्हणून. "तुझ्या ओढणीवर आमटीचा डाग पडला आणि तू साबण लावलास, तर डाग लाल होतो की नाही? चांगल्या साबणानेही होतो. साबण मुळातच अल्कलाइन, नऊ-दहा पीएचचा. हळद त्यालाही लाल आणि मोकळ्या सोड्यालाही लाल. हळदीला फरक कळत नाही. जिभेला कळतो." आणि एवढं बोलून माझ्या बेसिनवरच्या वडीला जीभ लावून, वेष्टन कुठाय म्हणून विचारलं. वेष्टनावर बारीक अक्षरात टीएफएम लिहिलेलं असतं, वडीत साबणाचा खरा ऐवज किती टक्के ते. पहिल्या प्रतीच्या साबणात तो शहात्तरच्या वर हवा, तिसऱ्या प्रतीत साठ चालतो. माझा तिसऱ्या प्रतीतला निघाला. पुढचा आठवडाभर काका मला जिन्यात "साठ टक्के" म्हणून हाक मारत होते.

काका भाच्यासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट काकू सांगतात. पोहे झाले, काका हात धुवायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मुलीचे वडील काळजीने बघायला गेले, तर हे आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे. लग्न जमलं, पण मुलीकडच्यांनी बैठकीनंतर मुलाच्या घराण्यात काही दुखणं आहे का याची आडून चौकशी केली होती म्हणे.

काका रसायनशास्त्राचे असतील असा तुमचा समज झाला असेल. छे. सरकारी ऑडिटमध्ये हयात गेली. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, व्हाउचर बघायचं. साबणात त्यांना हेच भेटलं. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला ०.१३६. खोबरेलाच्या साखळ्या आखूड, म्हणून एका ग्रॅममध्ये त्या जास्त मावतात, आणि सोड्याचा वाटा दर साखळीमागे द्यावा लागतो. हे आकडे काकांना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ते पाठ नव्हते. त्यांनी मोबाइलवर बघून साबण करायला घेतला. अर्धा किलो खोबरेल, सत्त्याऐंशी ग्रॅम सोडा. मात्र खोबरेलाचा भाव बघून त्यांनी शेंगदाणा तेल घेतलं आणि सोडा तेवढाच ठेवला. वडी झाली कडक, ठिसूळ, आत पांढरे कण. वहिनींच्या हाताला आग. काका आले, त्यांनी जीभ लावली आणि तिथल्या तिथे ऐन वयातल्या माणसासारखे उडाले. दहा मिनिटं नळाखाली जीभ धरून उभे होते. पण वर तोंड काढलं तेव्हा चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नाही. "एकोणीस ग्रॅम मोकळा!" अफरातफर सापडली होती.

मग वसुली. सगळ्या वड्या हातमोजे घालून किसल्या, थोडं पाणी आणि आणखी सुमारे पावणेदोनशे ग्रॅम तेल घालून मंद आचेवर पुन्हा शिजवल्या. किसणी काकूंची. ती पुन्हा ओट्यावर आली नाही. तशी काकूंच्या स्वयंपाकघराने या शास्त्रासाठी बरंच दिलंय. सुरुवातीच्या काळात काकांनी सोडा जर्मनच्या पातेल्यात कालवला होता. ॲल्युमिनियम आणि सोड्याचं जमत नाही. पातेलं फसफसलं, हायड्रोजन सुटला, तळ काळा पडला. काकू त्यावर आजही एकच वाक्य बोलतात: "माझ्या आईने दिलेलं होतं." तेव्हापासून फक्त स्टील.

सोडा कालवायचा विधी बाल्कनीत होतो आणि तो बघायला समोरच्या इमारतीतली मुलं जमतात. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यात पाणी नाही, नाहीतर उकळून अंगावर उडतं. पाणी आपोआप ऐंशी अंशांच्या वर तापतं, वाफ नाकाला झोंबते. म्हणून काका रेनकोट, रबरी हातमोजे आणि काच खाली केलेलं हेल्मेट घालतात. घरात हेल्मेट घालणारे आणि स्कूटरवर न घालणारे पुण्यात तेवढेच असावेत.

मुहूर्तही ठरलेला. नरकचतुर्दशीला सगळ्या इमारतीला काकांची वडी मिळते, आणि वडी निदान सहा आठवडे वाळायला हवी म्हणजे आतलं पाणी उडून ती टिकाऊ होते. म्हणून अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्या दिवशी काका साबण घालतात. चतुर्दशी ते चतुर्दशी, दीड महिना. मध्ये पितृपक्ष सुरू होतो आणि तळमजल्यावरच्या आजी दर वर्षी सांगतात, या पंधरवड्यात नवं काही करू नये. काका दर वर्षी सांगतात, "आजी, सोडा पितृपक्ष पाळत नाही." एका वर्षी मात्र पाळला. वासासाठी म्हणून लवंगेचं तेल घातलं आणि ढवळता ढवळता सगळं एका क्षणात गच्च बसलं. लवंगेने साबण धावत सुटतो, हे काकांना तेव्हा कळलं. पळी पातेल्यात उभी. आजींनी दारातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेल्या.

"केमिकल-फ्री" हे शब्द काकांसमोर उच्चारू नयेत. कर्वे रस्त्यावर एका कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. एका स्टॉलवर गुलाबपाकळ्यांचा साबण, दोनशे ऐंशी रुपये. स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "काका, यात एकही केमिकल नाही." काका म्हणाले, "पाणी तरी आहे ना?" मग म्हणाले, "कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. झाल्यावर तो उरत नाही, ही गोष्ट वेगळी." मुलगी म्हणाली, आम्ही कॉस्टिकला हातच लावत नाही, तयार बेस आणतो, वितळवतो आणि साच्यात ओततो. "म्हणजे व्यवहार आधीच्या खात्यात झालेला," काका म्हणाले आणि मी अडवायच्या आत वडीला जीभ लावली. मुलगी किंचाळली. काकांनी निमूटपणे दोनशे ऐंशी रुपये काढून दिले, कारण उष्टं केलं होतं. निकालही दिला: "साबण चांगला आहे बाळ. मोकळा सोडा नाही. पाटी तेवढी बदल."

काकांचं दैवत म्हणजे मिशेल यूजीन शेव्हरोल. चरबीत नेमकं काय असतं आणि साबण होताना काय घडतं ते या फ्रेंच माणसाने शोधलं, १८२३ साली ग्रंथ लिहिला, आणि १०२ वर्षं जगला. ते वय सांगताना काकांचा आवाज चढतो, जणू साबणामुळेच. पण ही बढाई कर्वेनगरात चालत नाही. तळमजल्यावरच्या आजी हिंगण्याच्या शाळेत शिकलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचे अण्णा १०४." महर्षी कर्व्यांपुढे शेव्हरोलची डाळ शिजली नाही. त्या दिवशी काका जिना उतरलेच नाहीत.

एवढं सगळं असून माणूस सोसवतो कसा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग एकदा त्यांची वही बघितली. तारीख, तेलं, सोडा, आणि चौथा रकाना "सूट". प्रत्येक ओळीत पाच टक्के. हिशेबाने निघेल त्यापेक्षा पाच टक्के सोडा कमी घालायचा, म्हणजे तेवढं तेल तेलच राहतं आणि कातडीला ओरखडत नाही. ज्याने नोकरीत कुणाचं पाच रुपयांचं टॅक्सीभाडं पास केलं नाही, तो इथे दर वेळी पाच टक्के फुकट सोडत होता. याची किंमत त्यांना ठाऊक आहे. हेच उरलेलं तेल उन्हाळ्यात खवट होतं आणि जुन्या वड्यांवर नारिंगी ठिपके उठतात. "सूट दिली की कुठेतरी डाग पडतोच," असं म्हणून काका त्या वड्या फरशी पुसायला काढतात. सूट मात्र कमी करत नाहीत.

वहीत मध्येच एका ओळीत आठ टक्के होते. विचारलं तर काका उखडले. नंतर काकूंकडून कळलं. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींची बोटं पावडरने फाटली होती, रक्त यायचं. त्यांच्यासाठी वेगळा घाणा घातला होता. आधी पंधरा दिवस स्वतःच्या मनगटावर लावून बघितला. मावशींना सांगितलं काय, तर "जास्त झालाय, घेऊन जा."

यंदा दातांच्या डॉक्टरांना काकांच्या जिभेवर पांढरा चट्टा दिसला. त्यांनी विचारलं, "तंबाखू?" काका म्हणाले, "साबण." पुढच्या तपासण्यांत काळजीचं काही निघालं नाही, पण जिभेला साबण कायमचा बंद.

काका महिनाभर गप्प होते. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी दार वाजलं. हातात टॉवेलने झाकलेला ट्रे, काखेत वही. "लाव जीभ," म्हणाले.

"काकूंना सांगा ना."

"ती घरातली. घरातल्याने केलेलं ऑडिट चालत नाही."

मी एका वडीच्या कोपऱ्याला जीभ लावली. कडवट, साबणाची असते तशी चव. "काही नाही, काका."

"काही नाही म्हणजे? चव नाही की झटका नाही?"

"झटका नाही."

"मग तसं लिही. खाली सही. पूर्ण नाव."

तपासणीच्या रकान्यात आजवर फक्त त्यांचीच सही होती. मी त्याखाली माझी केली. काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून ती नीट वाचली, पुटपुटत पुन्हा वाचली, आणि ट्रेवरचा टॉवेल पुरता बाजूला केला.

"हं. आता डावीकडून सुरू कर."