कोरी पाठ

मुष्टियुद्धात मी आजवर एकदाही हरलेलो नाही. हसनाबादच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात, चारचौघांसमोर मी हे सांगितलं तरी कोणी हसलं नाही. कारण मी ग्लोव्हज फक्त मोबाइलमध्ये पाहिलेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शून्य लढती, शून्य पराभव. रेकॉर्ड एकदम स्वच्छ.

विषय निघाला तो टी-शर्टावरून. समोरच्या बाकावरच्या पोराच्या छातीवर ठसठशीत '५०-०' छापलेलं. बाजारातलाच माल, दीडशे रुपयांचा. वस्तादांनी चष्मा पुसून ते वाचलं. (गावात त्यांना सगळे वस्तादच म्हणतात. तालमीत आता पोरं फिरकत नाहीत, पण पदवी काही कोणी काढून घेतलेली नाही.)

"हे काय रे? कबड्डीचा स्कोर?"

पोरानं समजावलं. अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर. पन्नास लढती, पन्नासच्या पन्नास जिंकल्या आणि मग ग्लोव्हज खुंटीला. "पाठीला माती नाही, वस्ताद!"

वस्तादांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि विचारलं, "जोड कोणी लावली?"

ज्यांनी जत्रेची दंगल पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. पैलवान अंगाला माती लावून फडात हात वर करून फिरतो. पंच त्याची मान बघतात, मांड्या बघतात, कान किती मोडलेत ते बघतात आणि त्याच्या तोलाचा दुसरा शोधतात. जोड हलकी लागली की पहिला बोंबलतो तो वरच्या अंगाला बसलेला माणूस, ज्यानं आयुष्यात लंगोट बांधलेला नाही. "अहो पंच, पोरगं मारता का!" मग हलगी थांबते, वाद होतो, जोड बदलते. रेकॉर्ड कोणी विचारत नाही. ते मोडलेल्या कानावरच लिहिलेलं असतं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पैलवान असा फिरत नाही. त्याचा प्रवर्तक ऑफिसात बसून जोड शोधतो आणि तोलाचा कोणी लवकर सापडणार नाही याची काळजी घेतो. ही नुरा कुस्ती नव्हे. नुऱ्यात निकाल आधी ठरतो, इथं फक्त माणूस ठरतो. निकाल मग आपला आपण लागतो.

मेवेदर काही कच्चा गडी नव्हता. कानेलो अल्वारेझ, मॅनी पॅकियाओ अशी माणसं त्यानं हरवलीत. पण रॉकी मार्सियानो १९५६ साली ४९-० वर निवृत्त झाला होता आणि त्याच्या पुढं जायला एक विजय लागत होता. तो मेवेदरनं २६ ऑगस्ट २०१७ रोजी लास वेगासला मिळवला, कॉनर मॅकग्रेगरविरुद्ध. मॅकग्रेगर मिक्स्ड मार्शल आर्ट्समधला नामांकित. व्यावसायिक बॉक्सिंगमधली त्याची ही पहिलीच लढत.

"म्हंजे पन्नासावी नारळावरची!" वस्ताद म्हणाले. दंगल सुरू होताना बारक्या पोरांच्या नारळावर लावतात, त्या कुस्त्या.

पोरगं चिडलं. अजिंक्य तो अजिंक्य, म्हणालं. मी त्याला वान्हेंग मेनायोथिनबद्दल विचारलं. कोण? थायलंडचा सत्तेचाळीस किलोंचा विश्वविजेता, सलग ५४ लढती जिंकलेला, म्हणजे मेवेदरपेक्षा चार जास्त. २०२० च्या नोव्हेंबरात हरला. त्याचा टी-शर्ट कुठल्या बाजारात मिळतो? पोरानं मोबाइल काढला, नाव तीनदा चुकीचं टाइप केलं आणि चहा मागवला.

माझं मत विचाराल, तर टी-शर्ट खरा छापायला हवा तो बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीचा. ३०० लढती, ३२ विजय, १२ बरोबरीत, २५६ पराभव. हा माणूस पोट भरायला हरायचा. म्हणजे लढायचा नीट, पण बोलावणं यायचं ते समोरच्या होतकरू पोराच्या खात्यात विजय जमा व्हावा म्हणून. पुढं विश्वविजेता झालेल्या नसीम हमीदशीही तो लढलाय. किती कोऱ्या पाठी या एका माणसाच्या जिवावर कोऱ्या राहिल्या असतील! २००८ साली शेवटची लढत मात्र जिंकून घरी गेला.

आपल्याकडं विजेंदर सिंगचं उदाहरण घ्या. बीजिंगचं ऑलिंपिक कांस्य गळ्यात, २०१५ पासून व्यावसायिक, बारापैकी बारा जिंकलेल्या. मार्च २०२१ मध्ये तेरावी लढत ठेवली ती पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. रशियाच्या आर्तिश लोपसाननं पाचव्या फेरीत त्याला थांबवलं. कॅसिनोत माणसं पैसे घालवतात. यानं शून्य घालवलं. त्यानं काय बिघडलं? बीजिंगचं पदक कोणी परत मागायला आलं नाही.

आणि लांब कशाला, आपल्या जालन्यातच बघा. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी इथं भरली होती. गतविजेता अभिजित कटके अंतिम फेरीत बाला रफिक शेखकडून हरला. हॉटेलात त्या दिवशी कटके संपल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला होता, सूचक मीच. २०२३ मध्ये तो हिंदकेसरी झाला. ठराव अजून मागे घेतलेला नाही.

तरीही शून्याचं वेड सुटत नाही आणि आमच्या भोकरदन तालुक्याला तर ते अंगणातच खेळायला होतं. रावसाहेब दानवे १९९९ पासून २०१९ पर्यंत लोकसभेला सलग पाच वेळा निवडून आले. पाच-शून्य! कार्यकर्ते त्या शून्याकडं असे बघायचे की जणू राजूरच्या गणपतीनंच ते दिलंय. २००९ ला हे शून्य साडेआठ हजारांच्या आतल्या मतांनी वाचलं, समोर होते कल्याण काळे. २०२४ ला पुन्हा तीच जोड लागली आणि काळे लाखाहून जास्त मतांनी जिंकले. पंधरा वर्षांनी परतीची कुस्ती! मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांनी तीन लढती साडेचार-पाच वर्षांत उरकल्या होत्या. आमच्याकडं घाई नसते.

अलीवरून आठवलं. १९७१ मध्ये फ्रेझरनं त्याला पहिल्यांदा हरवलं, पुढच्या दोन्ही लढती अलीनं जिंकल्या. ६१ लढतींत पाच पराभव. आमच्या पोराच्या हिशेबानं हा माल सेकंडहँड.

"वस्ताद, तुमचं रेकॉर्ड काय?" पोरानं शेवटी विचारलं.

वस्तादांनी गावं सांगायला सुरुवात केली. अमक्या जत्रेत घिस्स्यावर गेलो, तमक्या ठिकाणी ढाकेवर, एकदा तर सलामीलाच चितपट, लंगोटाची गाठसुद्धा घट्ट व्हायची होती. गावागणिक डाव, समोरच्याची उंची, इनाम किती, सगळं पाठ. मी बोटं मोजत होतो, सात झाली.

"आन् जिंकलेल्या?"

"त्या कामून ध्यानात ठेवू? त्यात मला काय समजलं?" म्हणाले, आणि बिलाचे पैसे माझ्याकडं सरकवून उठले. (हॉटेलच्या बिलाबाबत वस्ताद आजतागायत अपराजित आहेत. जोड रोज मी असतो.)

पुढच्या बाजाराला पोरगं पुन्हा त्याच टी-शर्टात आलं. दीडशेचा माल, पहिल्याच धुण्यात पाचाचा आकडा निघून गेला होता. छातीवर उरलं होतं '०-०'.

वस्तादांनी चष्मा पुसून वाचलं. "आता बरोबर छापलंय बघ," म्हणाले, "उद्या पाचला तालमीत ये."