कुंपणापलीकडून अंधारी

"काय गं, रातभर कुत्रं कोण रडवू लागलं?"

सकाळचे साडेसहा. मावशींच्या हातात तुळशीला पाणी घालायचा तांब्या, माझ्या खांद्यावर ओले कपडे. आमच्या दोन अंगणांमध्ये छातीइतकं मेंदीचं कुंपण आहे आणि त्याला एक भगदाड. साखर, विरजण आणि अख्ख्या दौलताबादच्या बातम्या तिथूनच जातात.

"रडवत नाही मावशी, ती नवीन आहे."

"ती? म्हंजी कुत्री? कामून गं, नर नव्हता का?"

हा प्रश्न मला गावात सगळ्यांनी विचारला. किल्ल्याच्या पायथ्याशी, गाड्या लागतात तिथं, एकीला पाच पिल्लं झाली होती. तीन नर आठवड्याभरात गेले. एक पेरूच्या मळ्यावर, एक ढाब्यावर आणि एक रिक्षावाल्यानं नेला. माद्या दोन उरल्या. मादी नेली की वर्षातून दोनदा बाळंतपण, हा सगळ्यांचा हिशोब. मी एक उचलली. काळीकुट्ट, डोळे तेवढे दिसायचे. लेकीनं नाव ठेवलं अंधारी. किल्ल्यातल्या भुयारी वाटेवरून, दुसरं काय.

आणायच्या बाबतीत मात्र आमचा पक्का तुघलकी कारभार झाला. तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची माणसं उचलून इथं आणली आणि पुढं परत नेली. आम्ही पिल्लू सायंकाळी उचलून आणलं, आंघोळ घातली, लेकरांनी मांडीवर घेतलं, तिघांनी तीन फोटो काढले. पहाटे बघतो तर अंधारी नाही. सापडली कुठं? पायथ्याला, बहिणीजवळ. दुसऱ्यांदा आणली तेव्हा अक्कल आली. जिन्याखाली पोतं टाकलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि घरात सांगून ठेवलं, तिच्याकडं कुणी बघायचंसुद्धा नाही. जनावरांचे डॉक्टरही तेच बोलले. पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे सवयीचे आणि घर आपलं वाटायला तीन महिने.

तीन दिवस ती जिन्याखालून फारशी हलली नाही. कुकरची शिट्टी झाली की जागेवरच मुतायची. भाकरीचा तुकडा टाकला की तोंडात धरून जास्वंदीच्या आळ्यात पुरून यायची, उद्या मिळेल न मिळेल म्हणून. चौथ्या दिवशी मी अंगण झाडत होते. टाचेला काहीतरी गार लागलं. नाक होतं. मी झाडणं थांबवलं नाही, बघितलं पण नाही. सांगते, जीव नुसता वर-खाली झाला.

मावशी मात्र रोज भगदाडातून नवीन काहीतरी काढायच्या.

"कुत्र्यापेक्षा मांजर पाळ. उंदीर तरी कमी होतील."

"मावशी, इब्न बतूता चौदाव्या शतकात इथं येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय, या किल्ल्यातल्या कोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर होते, मांजरंच त्यांना भिऊन पळायची."

"मग कुत्रंच बरं," मावशी म्हणाल्या आणि लगेच, "पण चावलं तर? पोटात चौदा इंजेक्शनं!"

ही चौदा इंजेक्शनं गावागावात अजून जिवंत आहेत. आता सुया दंडातच घेतात, महिनाभरात चार किंवा पाच. जखम मात्र आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि मग दरवर्षी. अंधारीची झाली, जंताचं औषधही झालं. गोचिडांवर मावशींनी रॉकेल सुचवलं. मी चिमट्यानं एकेक काढले, एकोणीस निघाले.

मग टीव्ही. "कोर्टानं सगळे कुत्रे उचला म्हटलंय म्हनं."

ते दिल्लीचं, 11 ऑगस्ट 2025 चं. 22 तारखेला कोर्टानंच ते बदललं. नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथंच सोडायचं, पिसाळलेलं आणि चावरं तेवढं सोडून, असं तेव्हा सांगितलं. आणि ज्याला कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यानं खुशाल घ्यावं, फक्त पुन्हा रस्त्यावर टाकू नये. हे शेवटचं वाक्य मी मावशींना दोनदा ऐकवलं. आपल्याकडं दिवाळीत पिल्लू आणतात आणि उन्हाळ्यात गावाला जाताना ते 'आपोआप हरवतं'.

मावशी दर गुरुवारी जनार्दन स्वामींच्या समाधीला जातात. स्वामी देवगिरीचे, म्हणजे याच किल्ल्याचे किल्लेदार आणि दत्तभक्त, पैठणच्या एकनाथांचे गुरू. एका गुरुवारी त्या उतरून आल्या आणि भगदाडाशीच थांबल्या. अंधारी पलीकडून बघत होती.

"नाथांना दत्त कसे भेटले, ठाऊक आहे का तुला? मलंगाच्या वेशात. आणि संगं कुत्री. कामधेनूच होती ती." जरा थांबल्या. "कुत्राच असता तर कामधेनू कशी झाली असती?"

मी काही बोलले नाही. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेण्याची मावशींना सवय नाही.

त्याच सायंकाळी त्यांनी वाटीभर दूध भगदाडातून सरकवलं, आणि रात्रभर अंधारीचं पोट वाहिलं. दूध कित्येक कुत्र्यांना पचत नाही. सांगायला गेले तर म्हणाल्या, "मग दत्ताच्या कुत्रीला कसं पचत होतं?" याला उत्तर नाही. ताकभात चालतो, एवढ्यावर आमची तडजोड झाली. त्यांच्या हातच्या भाजीत कांदा जास्त असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा. द्राक्षं आणि मनुकेही तसेच. आता मावशी कांदा पडायच्या आधीच वांग्याच्या दोन फोडी वेगळ्या शिजवतात आणि वरून म्हणतात, कुत्र्याचे काय ते लाड!

मागच्या आठवड्यात नसबंदी झाली. गळ्यात प्लास्टिकचं भोंगं बघून मावशी आधी हसल्या, मग टाके चाटू नयेत म्हणून दुपारभर कुंपणाशी बसून राहिल्या. मी कामावरून आले तर दोघी झोपलेल्या. एक खाटेवर, एक खाटेखाली. भगदाडाची मेंदी आता इतकी मोडलीय की ते पुन्हा भरणार नाही.

दुसरी बहीण अजून पायथ्याशी आहे. पेरूच्या टोपल्यांमागं बसते, तांबूस रंग, उजवा पुढचा पाय पांढरा. रविवारी वेरूळला जाताना गाडी थांबवली तर दिसेल. मादी आहे, हे आधीच सांगून ठेवते.