कंपनीचा मुराळी

आखाजीला लेकीला न्यायला भाऊ येतो, त्याला आपण मुराळी म्हणतो. लेक घरी येते, झोके घेते, चार दिवस आराम करते. अमेरिकेत हल्ली गाड्यांनाही माहेरची बोलावणी येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये जीपवाल्या स्टेलँटिस कंपनीने रँग्लर आणि ग्रँड चेरोकीच्या पेट्रोल-अधिक-बॅटरी गाड्या परत बोलावल्या. एक-दोन नव्हे, ३,२०,०६५! बॅटरीत दोष, पेट घेण्याची भीती.

फक्त या मुराळ्याची तऱ्हा न्यारी. तो निरोप धाडतो की लेकीला अजून तुमच्याकडेच राहू द्या. दुरुस्तीचं बघू. तोवर तिला घरात घेऊ नका, इतर गाड्यांजवळ उभी करू नका आणि खायला, म्हणजे चार्जिंग, अजिबात घालू नका. बामणोदची भरताची वांगी विकायची आणि वर बजावायचं, विस्तवाजवळ तेवढी नेऊ नका!

बरं, यातल्या कित्येक लेकी आधीच माहेरी जाऊन ‘आता बऱ्या आहेत’ म्हणून परत आलेल्या. त्यांनाही पुन्हा बोलावणं.

रावेरात ही गाडी शोधून सापडायची नाही, म्हणून पारावर हशा पिकला. ‘चार्ज करू नका’ ही सूचना आपल्याकडे वीजच पाळून घेते, असंही एक भाऊ म्हणाले. पण भाऊ, हसू जरा आवरा. २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगावला ओलाची स्कूटर भर रस्त्यात पेटली. ९ एप्रिलला नाशकात कंटेनरमधल्या २० नव्याकोऱ्या स्कूटर जळाल्या. त्यांनी तर गिऱ्हाईकाचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्याच महिन्यात ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीला परत बोलावल्या. बॅटरीच्या चाचण्यांचे नियम मग डिसेंबरपासून कडक झाले. आधी धूर, मग नियम!

कायदा आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. तक्रारदार मालकांची ठरलेली टक्केवारी भरली किंवा तपासणी संस्थेने दोष दाखवला, तर सरकार गाड्या परत घ्यायला लावू शकतं. म्हणजे तुमची एकट्याची स्कूटर पेटली तर ते तुमचं नशीब; पुरेशा पेटल्या तर तो दोष.

तरी गाडीवाला नशीबवान, त्याला निदान निरोप तरी येतो. केळीवर हरण्या रोग आला तेव्हा रावेरच्या शेतकऱ्याने पट्टे पडलेली रोपं स्वतः उपटली, मजुरीही स्वतःच दिली. ती न्यायला कुणाचा मुराळी बांधावर उभा राहिला नाही. केळीचा घड डागी निघाला तर व्यापारी जागेवरच कटती लावतो. ‘दुरुस्त करून देतो, तोवर घड लांब ठेवा’ असं पत्र धाडायची सोय शेतकऱ्याला नाही. विकणारा शेतकरी असला तरी कटती त्याला, आणि घेणारा गिऱ्हाईक असला तरी गाडी घराबाहेर उन्हात उभी करणं त्यालाच.

तेव्हा मुराळ्याच्या भरवशावर राहू नका. बोलावणं आलं तर ताडून बघायला स्कूटरचा चेसिस नंबर लिहून ठेवा, मे महिन्याच्या उन्हातून आल्या आल्या बॅटरी चार्जिंगला लावू नका. आणि रात्री घर झोपलेलं असताना उंबऱ्याशी, जिन्याखाली तर मुळीच नको. आग लागली की बाहेर पडायची वाट तीच असते.