बिल्टी आणि बी.एस्सी.

नागपूरजवळ अमरावती रोडवरच्या वाडीतला लेखनाचा सगळ्यात कडक मास्तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. नवा पोरगा बिल्टी लिहायला लागला, की मुनीमजी त्याच्या खांद्यावरून डोकावतात. "काहून बे, दहा नग लिहिले, पण कायचे नग? रायपूरवाल्याले सपन पडते काय?" पाठवणारा, घेणारा, नग, वजन, भाडं इथं भरलं की तिकडं घ्यायचं, सगळं आलं पाहिजे. पोराच्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच असतो, पण महिन्याभरात त्याची बिल्टी रायपुरात बिनचूक वाचली जाते. 'लिहिणं आधी शाळेतून शिकून ये' असं मुनीमजी त्याला सांगत नाहीत. मालाचं लिहिणं मालवाल्यानंच शिकवायचं, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

याच अमरावती रोडनं शहराकडे निघालं की १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचा परिसर लागतो. तिथं मात्र लिहिणं ही भाषा विभागाची जबाबदारी. रसायनवाल्यांना विद्यार्थ्याचं एक वाक्य उमगलं नाही, की ते विचारतात, "भाषावाल्यांनी यांना शिकवलं तरी काय?" आता टायट्रेशनमध्ये काय बिनसलं हे कसं लिहावं, ते बिचाऱ्या भाषेच्या प्राध्यापकानं कुठून सांगावं?

एकेकाळी याच नागपुरात डॉ. रघुवीरांनी भारतीय भाषांमधून विज्ञान लिहिता यावं म्हणून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. शब्द आले. वाक्यं कोणी शिकवायची, ते राहूनच गेलं. नव्या शैक्षणिक धोरणात भाषेला क्रेडिटं आहेत, पण भाषेचा तास संपला की लिहिणंही संपतं.

अमेरिकेत आयोवातल्या सेंट्रल कॉलेजात १९६९-७० च्या सुमारास बार्बरा वॉलवोर्ड यांनी निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या लेखनावर बोलायला एकत्र बसवलं. पुढं त्याची चळवळ झाली. आपल्याला तितक्या लांब जायचीही गरज नाही. २००५ पासून विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या तुकडोजी महाराजांचं शालेय शिक्षण जेमतेम. पण 'ग्रामगीते'त सफाई, आरोग्य, शेती, लग्न, सगळे विषय त्यांनी एकट्यानं ओवीत बसवले. कुठला विषय कुठल्या विभागाचा, हे विचारत बसले नाहीत.

आपल्याकडे विज्ञानाचा विद्यार्थी सगळ्यात जास्त लिहितो ते प्रॅक्टिकल रेकॉर्डात. एम, अ‍ॅपरेटस, ऑब्झर्व्हेशन, रिझल्ट. त्यातला रिझल्ट बहुतेकदा प्रयोगाच्या आधीच, सीनिअरच्या रेकॉर्डातून उतरलेला असतो. पानोपानी लाल टिक, शेवटी सही. इतकं लिहिलेलं आणि इतकं न वाचलेलं साहित्य दुसरं नसेल. साठ-सत्तर रेकॉर्डं समोर पडल्यावर माणूस टिकच करणार, हेही खरंच. तरी सही करण्याआधी एखादं पान वाचून 'हे असं का झालं?' एवढं समासात लिहिता येईल. पण त्यासाठी आधी समिती नेमावी लागेल. समिती म्हटली की अहवाल आला. तो कोणी लिहायचा, असा प्रश्न निघाला की सगळ्या माना मराठी विभागाकडे वळतील.